अप्पांनी सोडलेला सोमवार

लातूर जिल्हा नवा झाला, त्या सुमारास दुष्काळ होता. आम्ही रेणापूरला राहायचो. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, किराणा दुकान होतं. थोरली बहीण अक्का तेव्हा दहावीत होती.

तिला बघायला आलेली एक बाई म्हणाली, "पोरगी अंगानं लई भरलीय." त्यानंतर अक्काचं जेवण तुटलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या वर्षी सगळ्यांच्याच ताटात कमी होतं. तिनं सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. शेजारणी कौतुक करायच्या. उपास नसला की ती म्हणायची, "मी आधीच जेवले." उन्हाळ्यातही तिला थंडी वाजायची.

टँकरच्या रांगेत ती घागरीसकट कोसळली. आईनं एकटीनं तिला सहज उचललं, आणि मग आई घाबरली.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी आईअप्पांना समोर बसवून सांगितलं, "हा हट्ट नाही, आजार आहे. तिला खायची भीती वाटते. रागावू नका, तिच्या अंगावरून बोलू नका. सोबत बसून जेवा, आणि तिला मला दाखवायला आणत राहा."

पुढच्या सोमवारी दुपारी अप्पा दुकानातून घरी आले. हा माणूस कळत्या वयापासून सोमवार करणारा.

"दोन ताटं वाढ," ते आईला म्हणाले.

"आज सोमवार हाय."

"ठावं हाय मला."

अक्का म्हणाली, "अप्पा, तुमचा उपास मोडंल."

"तू बरी होस्तोवर मला उपास न्हाई."

ती ताटासमोर बसली. मग म्हणाली, "मला भ्या वाटतंय."

"वाटू दे. मी बसलोय हितं."

अप्पा मोंढ्यातल्या धान्यबाजाराच्या गप्पा सांगत राहिले. ताटाकडे त्यांनी पाहिलं नाही. तिनं चतकोर भाकरी खाल्ली.

एवढ्यानं ती बरी झाली नाही. पुढं कितीदा तरी ताट सरकवलं, वजन पुन्हा घसरलं, लातूरच्या फेऱ्या चालू राहिल्या. शेजारीण उपासाचं कौतुक करायला लागली की आई विषय तोडायची. दहावीची परीक्षा तिनं एक वर्ष उशिरा दिली.

अक्काचं लग्न उदगीरला झालं. पहिल्या बाळंतपणानंतर जेवण पुन्हा सुटायला लागलं, तेव्हा तिनं स्वतःच नवऱ्याला सगळं सांगितलं. बाळाला सासूजवळ ठेवून दोघं सकाळच्या एसटीनं लातूरला डॉक्टरीणबाईंकडे गेली.