हणमंतप्पांची दस्ती

हणमंतप्पा एस.टी.तून निवृत्त झाले त्याला चार वर्षं झाली. अजूनही घरातून निघताना ते दारावर दोनदा टकटक करतात आणि मगच पाऊल उचलतात. घरातल्यांना त्याचं काही वाटत नाही. नवीन दूधवाला मात्र पहिले आठ दिवस त्यांना 'या, आत या' म्हणत होता.

भूमच्या गाडीवर ते एकवीस वर्षं कंडक्टर होते. बाजाराच्या दिवशी गाडी नीट थांबायच्या आधीच खिडक्यांतून दस्त्या आत पडायला लागायच्या. हातरुमालाला आमच्याकडं दस्ती म्हणतात, आणि सीटवर पडलेली दस्ती म्हणजे त्या जागेचा सातबारा. त्यावरून भांडणं व्हायची आणि निकाल हणमंतप्पा द्यायचे. टोपी चालते. पिशवी चालते. चप्पल चालत नाही, कारण तिथं पुढं माणूस बसणार असतो. एकदा एका गड्यानं खिडकीतून शेळीचं करडूच आत सोडलं. हणमंतप्पा म्हणाले, "जागा करडाला मिळाली. तुमी उभं राहा." आणि करडू परंड्यापर्यंत ऐटीत बसून गेलं. त्याचं हाफ तिकीट फाडलं ते वेगळंच.

हा सगळा कायदा हणमंतप्पांनी निवृत्तीनंतर डोंगरावर नेला.

आमच्या शहराबाहेरच्या डोंगरावर एक बाग झाली आहे. शंभरेक पायऱ्या, वर चालायची वाट, पोरांचे झोके, पोट कमी करायची लोखंडी यंत्रं आणि तोंड उघडून बसलेला सिमेंटचा ससा, ज्यात कचरा टाकायचा असतो. बाकडी पुष्कळ आहेत, पण सावलीतलं एकच, टोकाच्या लिंबाखालचं. तिथं बसलं की खाली अख्खं शहर दिसतं आणि वारा असा लागतो की दाढी केलेली नसली तरी केल्यासारखी वाटते. साहजिकच सगळ्यांचा डोळा त्या बाकड्यावर. रोज सकाळी तू-तू मैं-मैं व्हायची. हणमंतप्पांनी कायदा जाहीर केला, "आधी दस्ती टाकायची, मग निवांत फिरायचं. दस्ती ज्याची, बाकडं त्याचं." लोकांना पटलं. गेलं वर्षभर बागेत एकही भांडण झालेलं नाही.

एकच कटू प्रसंग घडला तो गफारभाईंचा. गफारभाई म्हणजे चाळीस वर्षं शर्ट शिवून मान वाकडी झालेले टेलर. एकदा त्यांची दस्ती वाऱ्यानं उडून निवडुंगाशेजारच्या धोंड्यावर जाऊन पडली आणि बाकड्यावर दुसरंच कुणी बसलं. प्रकरण हणमंतप्पांकडं आलं. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "दस्ती जिथं पडली, जागा तिथं."

"अप्पा, तो धोंडा हाय!"

"धोंडा असू द्या. कायदा म्हंजी कायदा."

गफारभाई सकाळभर त्या धोंड्यावर बसले. घरी जाऊन बायकोला, हमिदाबीला त्यांनी पँटला लागलेले काटे मोजून दाखवले म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. हणमंतप्पांच्या मंडळी हरणाबाई. डॉक्टरांनी दोघांनाही फिरायला सांगितलं होतं, पण हरणाबाईंचा गुडघा फिरण्याच्या विरोधात होता. हणमंतप्पा एकटेच डोंगरावर जायचे आणि परत येऊन वर्णन करायचे. त्यांना मनापासून वाटायचं, बाईनं एकदा तरी शेजारी बसून हे बघावं. आयुष्यभर आपण गाडीत आणि ही घरात. एकत्र बसणं झालंच कधी?

"अगं, तिथनं तुझी बेंबळी दिसती," ते एकदा म्हणाले. बेंबळी हे हरणाबाईंचं माहेर.

"बेंबळी काय देवळाचा कळस हाय का हितनं दिसायला?"

"दिसती म्हंतो ना!"

हरणाबाईंनी विचार केला. "बरं, येत्या आईतवारी येते. बसायला जागा मिळाली तर रोज येईन. वर जाऊन उभं राहायची पाळी आली, तर पुन्यांदा डोंगराचं नाव काढायचं न्हाय. मरंस्तवर."

म्हणजे सगळा डाव त्या एका बाकड्यावर आला.

रविवारी हणमंतप्पा उजाडायच्या आत वर पोचले. रोज ते दस्तीवर दगड ठेवायचे. पण आज दस्ती नवी, खळ घालून इस्त्री केलेली, कोपऱ्यात गुलाबाचं फूल असलेली. दगडानं ती मळली असती, आणि मळक्या दस्तीवर हरणाबाई बसल्या नसत्या. म्हणून दगड न ठेवता त्यांनी ती बाकड्यावर पसरली, चारी कोपरे सारखे केले आणि हरणाबाईंना आणायला खाली उतरले.

हरणाबाईंना शंभर पायऱ्या चढायला पाऊण तास लागला. दर दहा पायऱ्यांनी थांबून त्या विचारायच्या, "जागा हाय ना नक्की?" आणि हणमंतप्पा छाती काढून म्हणायचे, "रिझर्वेशन हाय."

वर आले तर लिंबाखाली गफारभाई. स्वतःची चौकड्याची दस्ती खाली, वर गफारभाई, हातात शेंगा.

"गफारभाई! माझी दस्ती?"

गफारभाईंनी शेंग फोडली आणि वाकड्या मानेनंच पलीकडं दाखवलं. पोरांच्या झोक्याच्या साखळीत गुलाबाचं फूल अडकून फडफडत होतं.

"मी आलो तवा बाकडं मोकळं होतं, अप्पा. दस्ती जिथं पडली, जागा तिथं. कुणी म्हटलं होतं बरं हे?"

करडाला न्याय देणारा माणूस, पण आज स्वतःच्याच कायद्यात पुरता अडकला. मागून हरणाबाईंचा आवाज आला.

"काय झालं? जागा हाय का न्हाय?"

भाभी आल्यात हे दिसताच गफारभाई ताडकन उठले. "अरे, आधी सांगायचं ना! बसा भाभी, बसा. मस्करी केली."

बाकडं मोकळं झालं. पण हणमंतप्पा जागचे हलेनात. बसावं तर कायदा मोडतो, आणि उद्यापासून बागेत तोंड दाखवायला जागा नाही. न बसावं तर बाई मरेपर्यंत डोंगर चढणार नाही. शेवटी त्यांनी खालमानेनं सगळं खरं सांगितलं, धोंडा, निवडुंग, काट्यांसकट.

हरणाबाईंनी ऐकून घेतलं. मग कंबरेवर हात ठेवून विचारलं, "आपली दस्ती कुठं हाय?"

"झोक्यावर."

"मग हितं कशाला उभं राहिलाय? चला."

झोक्याशेजारी पाटी होती, 'फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी'. हणमंतप्पांनी ती वाचून दाखवली. एस.टी.त जन्म काढलेल्या माणसाला पाटी ओलांडवत नाही.

"बारा वर्षांखाली एस.टी.त किती लागतं?" हरणाबाईंनी विचारलं.

"हाफ."

"आन् आमाला, बायांना?"

"हाफच."

"मग झालं तर," म्हणत हरणाबाई झोक्यावर बसल्या. साखळ्या एकदा करकरल्या आणि गप्प झाल्या. "ढकला आता. गाडी काय आपोआप हलती व्हय?"

हणमंतप्पांनी दोनदा 'टिंग टिंग' केलं आणि ढकललं. पहिला झोका जरा भीतभीत गेला. तिसऱ्याला हरणाबाईंनी गुडघ्यासकट पाय सरळ केले. पाचव्याला पदर उडाला आणि त्या ओरडल्या, "अवो, दिसली! बेंबळी दिसली!"

झोका खाली आला. "गेली!" वर गेला. "आली! पाण्याची टाकी बी दिसली! जोरात ढकला की, बसून बसून हात लुळं पडलं का?"

बाकड्यावरून बेंबळी दिसत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. झोक्यावरूनही दिसत नसावी. पण विचारायला कोण जाणार? यंत्रावर पोट कमी करणारे थांबले होते आणि गफारभाई शेंगा खायचं विसरून झोक्याबरोबर मान हलवत होते. कधी नव्हे ती मान दोन्ही बाजूंना सारखी वळत होती.

अर्ध्या तासानं हरणाबाई उतरल्या. हणमंतप्पांनी भीतभीत विचारलं, "उद्या येणार का मग?"

त्यांनी साखळीतली दस्ती सोडवली, झटकली, आणि झोक्याच्या फळीला गच्च दोन गाठी मारून बांधली. मग वाऱ्याकडं बघितलं आणि तिसरी गाठ मारली.

"अप्पा," गफारभाई म्हणाले, "आजची दस्ती उद्याला चालती का? काय म्हणतो कायदा?"

हणमंतप्पांनी घसा साफ केला. एकवीस वर्षांत असला निकाल द्यायची वेळ आली नव्हती.

"मुक्कामी गाडीला चालती," ते म्हणाले, आणि बायकोचा हात धरून पायऱ्या उतरू लागले.