नको म्हणणाऱ्याची खुर्ची

चौधरीसर गेल्याचं मला बुधवाऱ्याच्या बाजारात कळलं, कापडाच्या दुकानात. दुकानदार कापड मोजता मोजता आमच्याकडच्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाला, "तुमचे ते युद्धवाले सर गेले ना, कलच." युद्धवाले सर! ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणावर हात उगारला नाही, त्याची गावानं ठेवलेली ही ओळख.

आम्ही दोघं एकाच शाळेत. मी मराठी शिकवायचो, ते इतिहास. पहिलं महायुद्ध आलं की ते वर्गाचं मंत्रिमंडळ करायचे. कुणी पंतप्रधान, कुणी सेनापती, आणि कोपऱ्यात एक खुर्ची 'नको' म्हणणाऱ्याची. युद्धाला ज्याचा विरोध, त्यानं उठून तिच्यावर जाऊन बसायचं. दर वर्षी पोरं तावातावानं भांडायची, हात वर व्हायचे, युद्ध जाहीर व्हायचं. खुर्ची रिकामीच. मग सर म्हणायचे, "खऱ्या बैठकांमध्येही असंच झालं, पोरांनो. कितीतरी जणांच्या मनात नको होतं. पण शेजारचा आपल्याला भित्रा म्हणेल, ही भीती युद्धापेक्षा मोठी ठरली."

पुढे त्यांच्या संदीपनं, एकुलत्या एका मुलानं, फौजेत जायचं काढलं. राजपुरा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी नातेवाईक जमले, पेढे वाटले, सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनीही... काही वर्षांनी सीमेवर पेटलं आणि संदीप तिरंग्यात गुंडाळून घरी आला. "तोंडाशी आलं होतं हो माझ्या," सर एकदा मला म्हणाले, "पण चार लोकांत नको म्हणवलं नाही." रिटायर होताना त्यांनी शाळेकडून ती खुर्ची मागून घेतली आणि बैठकीच्या खोलीत ठेवली. स्वतः मात्र तिच्यावर कधी बसले नाहीत.

तेराव्याला एक पुढारी आले आणि नेमके तिच्यावरच बसले. हातातल्या मोबाइलवर पुन्हा सीमेच्याच बातम्या. "सरांनी मुलगा दिला देशाला," ते म्हणाले. "अब तो आर-पारच होऊन जाऊ द्या एकदाचं." दिला म्हणे! संताप आला मला. आणि खोलीतल्या सगळ्यांबरोबर माझीही मान डोलली.

सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दारात उभ्या होत्या. "भाऊ, त्या खुर्चीवरून उठा," त्या म्हणाल्या. "ती नको म्हणणाऱ्याची आहे." पुढारी कसनुसं हसत उठले. खोलीत निम्मी माणसं उभी होती, तरी तिच्यावर कुणी बसलं नाही.

आता मी अधूनमधून राजपुऱ्यात जाऊन येतो. वहिनी त्या खुर्चीकडे हात करतात, "बसा ना, भाऊ."

मी सतरंजीवर बसतो.