छातीएवढी उंची, पण कुणाच्या?

"छातीला छाती!" असं म्हणत मावशी आधी स्वतःच्या छातीवर हात थापायची, मग तोच हात सरळ नेऊन सागाच्या बुंध्याला टेकवायची आणि तिथं टेप गुंडाळायची.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. जिंतूरकडच्या डोंगरातल्या जंगलात कार्बन किती साठलाय, याचा अंदाज काढायचं काम होतं. झाड न तोडता घेर नि उंची मोजायची, त्यावरून लाकडाचं वजन, वजनावरून कार्बन. मी परभणीहून आलेला हंगामी मदतनीस, ती रोजंदारीवरची मजूर. ती मोजायची, मी लिहायचो. गावातल्या बायांनी विचारलं की तोऱ्यात सांगायची, "उभ्या झाडातला कोळसा मोजायलोत आमी!" तिला दुरुस्त करायची माझी काय टाप!

एक दिवस ऑफिसातले साहेब तपासणीला आले. त्यांनी स्वतः दहा झाडं मोजली. प्रत्येकाचा घेर आमच्या आकड्यापेक्षा कमी.

"झाडं उपास करतायत का रे?" ते माझ्यावर गरजले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. घेर घ्यायचा जमिनीपासून साडेचार फुटांवर. ऑफिसात त्यालाच 'छातीएवढी उंची' म्हणत. मावशीला मी तेवढेच दोन शब्द सांगून मोकळा झालो होतो, आणि मावशी होती एवढीशी! तिच्या छातीपाशी बुंधा जाडच भरणार. तीनशे झाडांची मोजणी पाण्यात, नि चूक सगळी माझी.

"साडेचार फूट, एवढंही तिला सांगता आलं नाही? उद्यापासून येऊ नकोस," साहेब मला म्हणाले.

मावशी पुढं झाली. "सायब, ह्या लेकरानं साडेचार फूटच सांगितलं व्हतं. मीच ऐकलं न्हाई. आठ दिस द्या, समदी झाडं पुन्ना मोजून देते. मजुरी नगं."

शुद्ध थाप! आणि मी गप्प. तुम्ही म्हणाल, बोलला का नाहीस? पोट हो, दुसरं काय!

साहेबांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "आठच दिवस," म्हणाले.

तिनं साडेचार फुटांची काठी तोडली. भर उन्हात प्रत्येक बुंध्याला काठी लावायची, गेरूची रेघ ओढायची, मग टेप. "मावशी, जरा बसू या," म्हटलं की फटकारायची, "झाडं बसलीत का?" सातव्या दिवशी शेवटचं झाड झालं. माझी नोकरी राहिली, पुढं कायमही झाली.

बऱ्याच वर्षांनी तिच्या गावी गेलो. मावशी त्याच वर्षी चैत्रात वारली होती. मला राहवेना. ओसरीवर बसून सुनेला सगळं सांगितलं, "चूक तुमच्या सासूबाईंची नव्हती. माझी होती."

तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"ठावं हाय की, दादा. समद्या गावाला ठावं हाय. पर आत्या म्हणायच्या, त्यो कधी आला तर कुणी बोलायचं न्हाई, लेकराला लाज वाटंल."