साळव्यांच्या आईचा गंधार

ऐंशीच्या दशकातला एक रविवार अजून डोळ्यांसमोर आहे. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत मी पेटी शिकवायचे. अंबडच्या कारखान्यात फिटर असलेले वसंत साळवे माझ्याकडे शिकायला यायचे.

एक दिवस त्यांनी वही दाखवली. सा ते वरचा सा, या अंतराचे त्यांनी कानाला सारखे वाटतील असे त्रेपन्न भाग पाडले होते... आणि प्रत्येक स्वराखाली त्या भागाचा आकडा. रे आठ, ग म्हणजे गंधार सतरा. सगळा एक पाळणा लिहिलेला.

"आईचा आहे, बाई. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. त्याआधी महिनाभर तिच्याकडून गाऊन घेत लिहिला. त्याचे स्वर पेटीवर बसतच नाहीत."

मी म्हणाले, "साळवे, एवढा बारीक फरक माणसाच्या कानाला कळत नाही." त्यांनी वही मिटली. "रविवारी घरी या," एवढंच म्हणाले.

मी गेले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली एका फळीवर ताणलेली तार. तारेखालच्या पट्टीवर त्रेपन्न खुणा, लॉगरिदमच्या कोष्टकांवरून हिशेब करून काढलेल्या. आई खाटेवर, गळ्याला पांढरं फडकं.

साळवे वहीत बघून वाजवू लागले. गंधारावर आले आणि म्हातारीने मान हलवली... नाही. त्यांनी परत वाजवला. परत नाही. मग ती उठली, मुलाचा हात धरला आणि एक खूण खाली सरकवला. सोळा.

मला वाटलं, योगायोग. आईंना भिंतीकडे तोंड करून बसायला आणि बरोबर गंधार आला की हात वर करायला सांगितलं, आणि तार मीच वाजवली. सतरा, सोळा, अठरा, सतरा, सोळा... फक्त सोळाला त्यांचा हात वर जायचा. दहा-बारा वेळा केलं. एकदाही चुकल्या नाहीत.

मी इतकी वर्षं शिकवत होते, आणि सतरा-सोळातला फरक मला स्वतःला धड कळत नव्हता.

साळव्यांनी वहीतला सतरा खोडून सोळा लिहिला आणि पाळणा पहिल्यापासून वाजवला. यावेळी मान हलली नाही. आईचे ओठ हलत होते, शब्द न शब्द... आवाज तेवढा नव्हता.

मी साळव्यांची माफी मागितली. "अहो बाई, मलाही सतराच वाटला होता," ते म्हणाले.

त्यानंतर "हे माणसाच्या कानाला कळत नाही" असं मी कुठल्याच विद्यार्थ्याला म्हणाले नाही. ते त्या माउलीचे उपकार.