कानसाहेबांच्या अकरा माद्या

कानसाहेबांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथेच राहिलं. इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी, जाड भिंतींची एक लहानशी खोली होती. तिथे ते लोकांच्या कानांवर हेडफोन चढवत आणि काचेपलीकडे बसून यंत्रातून बारीकमोठे आवाज सोडत. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. अर्ध्या गावाला त्यांनी कागदावर आलेख काढून दाखवला होता की बाबा रे, तुला ऐकू येत नाही. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरायचं की बहिरा माणूससुद्धा ओशाळून माफी मागायचा.

स्वतःच्या कानांविषयी मात्र त्यांना तिळमात्र शंका नव्हती. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, टीव्हीवाले आवाज मुद्दाम कमी ठेवतात आणि नव्या फोनच्या घंटीत दम नाही, अशी त्यांची अभ्यासाअंती बनलेली मतं होती.

बेडूक घरात आले ते रक्तदाबापायी. शांत बसून करता येईल असा एखादा छंद लावून घ्या, असं डॉक्टरांनी सुचवलं. दुसरा कोणी असता तर चार रंगीत मासे आणून मोकळा झाला असता. पण चारचौघांसारखं वागणं कानसाहेबांना कमीपणाचं वाटे. मासे विकणाऱ्या दुकानदाराने ते ओळखलं आणि जन्मभर पाण्यातच राहणारे चार बेडूक त्यांच्या गळ्यात मारले. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडे मोठे, मातकट, अंगावर काळे ठिपके. दर थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यायचा आणि पुन्हा तळाशी जाऊन पसरायचं, हा त्यांचा दिनक्रम. नजर इतकी अधू, की खाणं चिमट्याने थेट तोंडासमोर धरावं लागे. ते खाणं म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या. त्या फ्रीजमध्ये मटारच्या पिशवीला खेटून राहू लागल्या तेव्हा बायकोने कपाळावर हात मारून घेतला, पण चालवून घेतलं.

नुसतं पाळून कानसाहेबांचं भागेना. त्यांना आता या बेडकांची पैदास करायची होती. त्यासाठी आणलेल्या पुस्तकात एक वाक्य होतं: नर पाण्याखाली हलकं गुणगुणतो, मादी तसं करत नाही. ते वाचून कानसाहेब हरखून गेले. सामान्य माणसाने बेडकाच्या अंगावरच्या खुणा बघत बसावं. इथे तर एकतीस वर्षांचा तयार कान होता!

रोज संध्याकाळी ते बेडकांच्या काचेच्या टाकीला कान लावून बसू लागले. पंधरा दिवसांनी त्यांनी वहीत निकाल लिहिला: चारही माद्या.

दुकानदाराने हात जोडले. पुढच्या पायाच्या मागे, काखेपाशी पांढरा ठिपका दिसतो तो नर, असं त्याने बेडूक दाखवून सांगितलं. कानसाहेबांनी ठिपक्याची गणना किरकोळ पुराव्यात केली आणि आणखी तीन बेडूक घेतले. त्याही माद्या निघाल्या. पुन्हा चार घेतले. त्याही माद्याच. अकराव्या मादीच्या वेळी दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, तुम्हाला ऐकू तर येतं ना?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, त्यांतल्या दोघांचे कान कानसाहेबांनीच तपासलेले. दोघांनीही मोठ्या आशेने मान वर केली. कानसाहेब तडक बाहेर पडले. निवृत्तीला दोन वर्षं होती. कान तपासणाराच ठार बहिरा आहे अशी आवई उठली असती, तर इस्पितळाने त्यांना त्या खोलीत क्षणभरही ठेवलं नसतं. आणि त्या खोलीबाहेर कानसाहेबांना विचारतो कोण?

मग एका सकाळी टाकीत पाण्याच्या वरच्या थरावर खसखशीएवढी अंडी तरंगताना दिसली. कानसाहेब डगमगले नाहीत. कोंबडी नाही का कोंबड्याशिवाय अंडी घालत, म्हणून त्यांनी विषय संपवला. मोठे बेडूक ती अंडी मिटक्या मारत खाऊ लागले तेव्हा बायकोला राहवलं नाही. तिने कोशिंबिरीचा काचेचा वाडगा काढला, टाकीतलंच पाणी घेतलं आणि पळीने वीसेक अंडी उचलली. तिसऱ्या दिवशी वाडग्याच्या काचेला स्वल्पविरामाएवढे बेडूकमासे चिकटले होते.

आता शहाणा माणूस इथे थांबला असता. कानसाहेबांनी कागद घेतला. गावात जलचर पाळणाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्याच्या पत्रिकेसाठी त्यांनी लेख लिहिला. आपल्या घरच्या अकरा माद्यांनी नराच्या मदतीशिवाय संतती दिली असून विज्ञानाला याची दखल घ्यावी लागेल, असा त्याचा मथितार्थ. सहीखाली हुद्दाही टाकला, म्हणजे कानांविषयी कोणी शंका काढायला नको.

संध्याकाळी टाकीशेजारी बसून त्यांनी तो लेख बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. एरवीही ते मोठ्यानेच बोलत. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हातातला पंचा खुर्चीवर टाकला आणि समोर येऊन उभी राहिली.

"अहो, हे पाठवू नका. यातले तीन तर रोज गुणगुणतात."

कानसाहेब तिच्या ओठांकडे बघत राहिले.

सुरुवातीला तिला वाटलं होतं की टाकीत हवा सोडणारा पंपच घरघरतोय. तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पंप बंद केला तरी आवाज चालूच. बाई, हे तर बेडूकच गाताहेत, असं म्हणून तो हसत हसत निघून गेला. ही गोष्ट तिने त्याच दिवशी स्वयंपाकघरातून कानसाहेबांना सांगितली होती. ते काहीच बोलले नव्हते.

"आत्ता चालू आहे?" त्यांनी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. कानसाहेबांनी काचेला आधी उजवा कान लावला, मग डावा. एक बेडूक दुसऱ्याच्या कमरेला घट्ट मिठी मारून बसला होता. त्याचा गळा थरथरत होता, हे डोळ्यांना दिसत होतं. ते खूप वेळ तसेच वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा पार घाबरलेले दिसत होते.

बायकोला हसू यायला हवं होतं. इतके महिने तिने हा तमाशा सोसला होता. पण तिला काहीतरी भलतंच उमगत होतं आणि ती पंचा बाजूला सारून खुर्चीत बसली.

"मला वाटायचं, तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता," ती म्हणाली. "चार वर्षं मी मनातून तुमच्यावर चिडून आहे. मग मी सांगायचंच सोडून दिलं."

"काय सांगायचं?"

तिने मान खाली घातली आणि हळू आवाजात उत्तर दिलं. बरंच काही बोलली असावी. कानसाहेबांना त्यातलं एक अक्षरही ऐकू आलं नाही. ते खुर्ची ओढून तिच्या पुढ्यात बसले आणि आजवर कधी कोणाला म्हणाले नव्हते ते म्हणाले, "मला ऐकू आलं नाही. परत सांग."