उरलेल्या भाताचं विष

उचगावात आमच्या शेजारी अन्न तपासणीच्या लॅबमधले एक भावजी राहायचे. चहाला आले तरी आधी दुधाचं पातेलं हुंगायचे. शिळ्या भाताचा तर त्यांना धसकाच. “गरम केला की झालं की!” मी ठसक्यात सांगायची. “जंतू मरत्यात, वहिनी. त्यांनी सोडलेलं विष उकळून बी जात न्हाय.”

बायको वारल्यावर एकदा दारात आले. “भात जास्त झालाय. ठिवला तर विष हुईल. दादांना घिऊन जेवाय या की.” आम्ही नवराबायको गेलो. मग दर दोन-चार दिवसांनी त्यांचा भात जास्त व्हायला लागला.

मी तेव्हा अकलेचा कांदा! एकट्यापुरते तांदूळ मोजायला त्यांना छोटी वाटी नेऊन दिली. त्यांनी ती हातात फिरवून पाहिली. “बेस झालं, वहिनी,” म्हणाले.

त्यानंतर त्यांचा भात कधी उरला नाही.