मिशनच्या बाईंची तयारी

माझ्या पाहण्यातली जेवढी माणसं समुद्र ओलांडून गेली, त्या सगळ्यांनी मिळून केली नसेल एवढी तयारी एकट्या मिशनच्या बाईंनी भोरात बसून केली. लग्न होऊन मी भोरात आले तेव्हा त्या आमच्या शेजारच्या खोलीत राहत होत्या आणि आफ्रिकेला निघाल्या होत्या. पुढे माझी मुलगी रांगायला लागली, बोलायला लागली, तरी त्या निघालेल्याच होत्या. नगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या, उंच, सडसडीत. अंगावर पांढरं पातळ आणि पायात पुरुषी वहाणा. सकाळी मुलींच्या शाळेत शिकवायच्या, संध्याकाळी गल्लीतली पोरं गोळा करून गोष्टी सांगायच्या. तिकडच्या मोंबासा बंदराहून बरंच आत मिशनची अनाथ मुलांची एक शाळा होती. तिथं शिकवायला जायचं त्यांनी तरुणपणीच ठरवलं होतं. फक्त मिशनच्या मोठ्या साहेबांची परवानगी यायची राहिली होती.

परवानगी आल्यावर बांधाबांध करत बसायला नको म्हणून त्यांनी ती आधीच करून ठेवली होती. त्यांचा सगळा संसार एका पत्र्याच्या पेटीत भरलेला असे. सकाळी फणी हवी की पेटी उघडायची, केस विंचरायचे, फणी पुसून पुन्हा पेटीत. कुणी चहाला आलं की पेटीतून कपबशी निघायची आणि पाहुण्याचा शेवटचा घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच ती विसळून परत आत जायची. माझ्या सासूबाई त्यांच्या घरचं पाणीही घेत नसत. पण त्या पेटीचं त्यांना भारी कौतुक होतं. मी भांडी पसरून बसले की म्हणायच्या, जरा शेजारी जाऊन बघून ये, टापटीप कशाला म्हणतात ते.

समुद्रात बोट लागते, उलट्या होतात, असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून बाई दर रविवारी प्रार्थना आटोपली की भाटघरला जाऊन धरणाच्या पाण्यावरच्या होडीत बसू लागल्या. होडी पलीकडे लागली तरी उतरायच्या नाहीत, तशाच परत यायच्या, पुन्हा जायच्या. होडीवाल्यानं एकदा विचारलं, "बाई, पल्याड कुणाकडं जायाचं हाय तुमास्नी?" बाई म्हणाल्या, "आफ्रिकेला." तो पुन्हा वल्हवू लागला. होडी आणखी थोडी हलवा, असं वर त्याच त्याला सांगायच्या, आणि दुपारी पांढऱ्याफटक पडलेल्या चेहऱ्यानं, पण मोठ्या समाधानात घरी यायच्या. तिकडे कच्ची केळी उकडून खातात असं ऐकलं, तर वर्षभर आठवड्यातून दोनदा उकडलेली केळी. एकदा मलाही वाटीभर दिली. मी चव विचारली तर म्हणाल्या, "वाईट आहे. पण सवय होईल."

तिकडची भाषा शिकायला त्यांनी वेल्ह्याच्या डोंगरातल्या पासली गावचे एक म्हातारबा शोधून काढले. ते तरुणपणी आगबोटीवर खलाशी होते आणि मोंबासाला अनेकदा जाऊन आले होते. भोरच्या बाजाराला आले की बाई त्यांना ओट्यावर बसवून शब्द उतरून घ्यायच्या आणि संध्याकाळी पोरांवर चालवून बघायच्या. थोड्याच दिवसांत आमच्या गल्लीतली पोरं "सुकुमा, सुकुमा" म्हणत एकमेकांना ढकलू लागली. चौकशी केली तेव्हा कळलं की म्हातारबांना येत होतं ते ढकला, ओढा, उचला, सांभाळून एवढंच. बाई जरा नाराज झाल्या. म्हातारबा म्हणाले, "आमी मालाच्या बोटीवर व्हतो बाई. लेकरांशी बोलायची येळ कवा आलीच न्हाई."

अखेर परवानगी आली आणि पाठोपाठ दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली. बायकामाणसांना आता बोटीवर घेत नाहीत, असं मिशननं कळवलं. बाई दोन दिवस खोलीबाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि पेटीतले कपडे कसर लागू नये म्हणून उन्हात घातले.

त्याच लढाईत एका वर्षी, पावसाळा सरता सरता, वेल्ह्याच्या डोंगरात हिवतापानं कहर केला. त्यावरचं कोयनेल, म्हणजे क्विनीन, कुठं मिळेना. आणि बाईंच्या पेटीच्या तळाशी तर वर्षानुवर्षं साठवलेलं कोयनेल होतं, आफ्रिकेतल्या मुलांसाठी म्हणून जपलेलं. म्हातारबा आले ते दारातच बसले. त्यांची नातवंडं तापानं फणफणली होती. त्यांनी काही मागितलं नाही. बाईंनी पेटी तशीच त्यांच्या डोक्यावर दिली आणि वहाणा घालून पासलीची वाट धरली. परतल्या त्या दिवाळीनंतर. स्वतः ताप काढून आल्या होत्या, ओळखू येईनात. पेटीत कोयनेल तर नव्हतंच, पांघरुणंही नव्हती. त्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच्या हातानं पेज केली आणि वाटी घेऊन पहिल्यांदाच त्यांच्या खोलीत पाऊल ठेवलं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, मुलं इथंही आहेत. मग एवढ्या लांब जायचं कशाला?"

बाईंनी वाटी खाली ठेवली. म्हणाल्या, "इथल्या मुलांना आई आहे, आजी आहे, तुम्ही आहात. तिथल्यांना कुणी नाही, आणि मी येणार आहे हेही त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ना."

बरं वाटल्यावर त्यांनी पेटी पुन्हा भरायला घेतली.

लढाई संपली, बोटी सुरू झाल्या आणि एका सकाळी बाई खरोखरच निघाल्या. इतकी वर्षं त्या निघालेल्याच असल्यामुळे आमच्यातल्या कुणाचीच तयारी नव्हती. मोटारीपाशी अर्धी गल्ली जमली. सासूबाईंनी त्यांच्या हातावर दही घातलं आणि त्यांनी ते खाल्लं. बाईंनी एकेका पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. मोटार सुरू झाल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तेवढ्या एकाच गोष्टीची तयारी त्यांनी केली नसावी.

त्या परत आल्या नाहीत. तिथल्याच मातीत गेल्या, असं बऱ्याच वर्षांनी आमच्या कानावर आलं. पण त्या सकाळी हे कुणाला ठाऊक होतं? मोटारीची धूळ खाली बसल्यावर मी मुलीचा हात धरून घराकडे वळले.  वाटेत तिनं विचारलं, बाई आता कुठल्या मुलांना गोष्ट सांगणार? मी म्हटलं, ज्यांना कुणीच सांगत नाही त्यांना. ती थोडी चालली आणि थांबली.

"मग त्यांना गोष्ट सांगून झाली की आपली पाळी ना?"

मी हो म्हटलं.